ब्राउझर, सुरक्षितता आणि रोजची कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच ते असतात. व्हॉट्सॲपवर उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. अहिराणीतले बहुतेक प्रमाण मराठीत आणले, एक तसाच राहू दिला. जे एकदा सांगितलं ते पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. सुरक्षितता आणि खासगीपणा म्हणजे एकच ना?

नाही. जळगावच्या सराफ्याचं उदाहरण घ्या. दुकानाची तिजोरी पक्की असणं ही सुरक्षितता. तुम्ही किती तोळे घेतले, कुणासाठी घेतले, हे सराफाने गावभर न सांगणं हा खासगीपणा. क्रोम हा गूगलचा ब्राउझर, म्हणजे साइट उघडायचं ॲप. त्याची तिजोरी पक्की आहे, पण सराफाची वही जाड आहे. उलट प्ले स्टोअरवर 'प्रायव्हेट ब्राउझर' नावाची ढीगभर ॲप्स आहेत. ती वही ठेवत नाही म्हणतात, पण तिजोरीला कडी आहे की नाही ते कुणी बघितलेलं नसतं.

माझं मत सरळ आहे. सुरक्षिततेत घासाघीस करायची नाही, कारण ती बहुतेक फुकटच असते: अपडेट, नीट वाचलेला पत्ता, वेगवेगळे पासवर्ड. खासगीपणात मात्र जरूर घासाघीस करा. तिथे प्रत्येक पायरीला थोडी सोय द्यावी लागते, आणि किती द्यायची ते ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे ठरवायचं.

२. मग कोणता ब्राउझर वापरू?

एक नाही, दोन वापरा. हा सल्ला मी दहा वर्षं देतोय आणि अजून तरी कुणी परत येऊन भांडलेलं नाही.

पहिला ब्राउझर पैशांचा आणि सरकारी कामांचा. बँक, सातबारा, आयकर, रेल्वेचं तिकीट, शिष्यवृत्तीचा फॉर्म. यात एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा जादा प्रोग्राम) टाकायचं नाही, सेटिंग आहे तशी ठेवायची. या साइट बनवणारे बहुधा क्रोम समोर ठेवूनच बनवतात, त्यामुळे इथे क्रोम किंवा एज ठेवा. दुसरा ब्राउझर बाकी सगळ्यासाठी: बातम्या, केळीचे भाव, व्हिडिओ, रेसिपी, कुणी पाठवलेली लिंक. इथे फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह ठेवा आणि जाहिराती, कुकी, अडवायचं ते सगळं अडवा (प्रश्न ९ आणि ११). एखादी साइट मोडली तर मोडू द्या, तुमचं काम अडत नाही.

फायदा असा की भटकताना जी घाण चिकटते ती बँकेच्या खोलीपर्यंत पोचत नाही. आणि 'ब्लॉकर बंद करू का चालू करू' ही रोजची कटकटच संपते.

क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा आतून क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचा पाया वेगळा. आयफोनवर आपल्याकडे सगळ्याच ब्राउझरच्या आत ॲपलचंच इंजिन असतं, तरी दोन वेगळे ठेवण्याचा फायदा तिथेही मिळतो. जुन्या फोनमध्ये यूसी ब्राउझर अजून असेल तर आजच काढा. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तो होता.

३. अपडेट केलं की डेटा जातो आणि बटणांच्या जागा बदलतात. नाही केलं तर काय होतं?

क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, आणि २०२३ पासून मधल्या काळात दर आठवड्याला सुरक्षिततेची छोटी दुरुस्ती येते. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं तेही जगाला कळतं. म्हणजे अपडेट न केलेला ब्राउझर हा भोकाचा पत्ता छापून दाराला लावल्यासारखा. डेटाची अडचण असेल तर प्ले स्टोअरमध्ये 'फक्त वाय-फायवर अपडेट' निवडा आणि आठवड्यातून एकदा पोराच्या हॉटस्पॉटवर बसा. बटणांच्या जागा बदलतात, खरं आहे. माझीही चिडचिड होते.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, २०२३ च्या सुरुवातीची. त्या मशीनवर बँक उघडू नका. टायपिंग, गाणी, प्रिंट चालेल. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ब्राउझर मात्र त्यावर सध्या अपडेट होतोय.

४. पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणजे साइट खरी ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यापासून त्या साइटपर्यंतचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय याची ती हमी नाही. हे कुलूप दिसायला साइटला सर्टिफिकेट लागतं, आणि लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देते. चांगलीच गोष्ट आहे, पण ती चोरालाही मिळते. गैरसमज इतका पसरला की क्रोमने २०२३ साली ते कुलूप काढून तिथे दुसरं चिन्ह ठेवलं.

मग खरी साइट ओळखायची कशी? पोस्टाच्या पाकिटासारखा पत्ता वाचा. पाकिटावर जिल्हा शेवटी असतो आणि पत्र जातं ते जिल्ह्याकडे. वर कितीही 'महाभूमी', 'पीएमकिसान' लिहिलेलं असो, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी सर्वांत शेवटी काय आहे ते बघा. 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असेल तर सरकारी. 'महाभूमी-जीओव्ही डॉट कॉम' असेल तर जिल्हा भलताच.

बँकांसाठी आता हे सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हे शेपूट नोंदणीकृत बँकांनाच मिळतं.

सातबाऱ्यासाठी शोधल्यावर वरच्या दोनतीन ओळी जाहिरातीच्या असू शकतात. डिजिटल सहीचा उतारा सरकारी साइटवर १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी कुणी शंभर-दीडशे मागत असेल तर तुम्ही मधल्या माणसाच्या दुकानात आहात. एकदा खरा पत्ता सापडला की पहिल्या ब्राउझरमध्ये बुकमार्क करा आणि पुन्हा कधी शोधू नका.

५. भाऊ, हाई लाल पान काबर येस? 'तुमचे कनेक्शन खासगी नाही' म्हणस.

आधी घड्याळ बघा. मी हसत नाहीये. माझ्याकडे या तक्रारीने आलेल्या दहातल्या निम्म्या मशीनचं दुखणं हेच असतं. साइटच्या सर्टिफिकेटला लायसन्ससारखी सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२, मेला की लाइट जाऊन आल्यावर मशीनची तारीख मागे जाते. मशीनच्या मते साल २०१२ चालू असतं आणि आजचं सर्टिफिकेट 'अजून जन्मलंच नाही' असं त्याला वाटतं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लाइट जाते, मग दिवसातून तीनदा लाल पान. सेल बदला. किराणा दुकानातही मिळतो.

तारीख बरोबर असूनही पान आलं तर बघा ते सगळ्या साइटवर येतंय की एकाच. फुकट वाय-फायवर सगळीकडे येत असेल तर वाय-फायचं लॉगिन राहिलंय (प्रश्न १३). अँटिव्हायरसही कधी कधी मध्ये बसून असं करतो. एकाच साइटवर येत असेल तर बहुधा त्या साइटवाल्याने मुदत संपू दिली. छोट्या संस्थांच्या साइटवर असं सर्रास होतं. नुसतं वेळापत्रक वाचायचं असेल तर 'प्रगत' दाबून पुढे गेलात तरी फार बिघडत नाही. पासवर्ड, आधार क्रमांक किंवा पैसे द्यायचे असतील तर पुढे जायचं नाही, उद्या या. याला एकच खरा अपवाद आहे, तो प्रश्न १८ मध्ये.

६. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तर कुणालाच कळत नाही ना?

त्या फोनवर मागे खूण राहत नाही, एवढंच. साइटला कळतं, मोबाइल कंपनीला कुठली साइट ते कळतं, आणि आत जाऊन गूगल खात्याने लॉगिन केलं तर गूगललाही सगळं कळतं. अमेरिकेत यावरून २०२० साली गूगलवर खटला झाला. २०२४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा गूगलने साठवलेल्या नोंदी पुसायचं कबूल केलं आणि त्या काळ्या पानावरचा मजकूर जास्त स्पष्ट केला.

तरी ही सोय निरुपयोगी नाही. दुसऱ्याच्या मशीनवर बसताना ती हवीच (पुढचा प्रश्न). पण डाउनलोड केलेली फाइल इन्कॉग्निटो बंद केल्यावरही तिथेच राहते, हे पाठ करून ठेवा.

७. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही. सगळं सेतू केंद्रात किंवा कॅफेत करतो. तिथे काय काळजी घ्यायची?

खरं सांगायचं तर खान्देशात बहुतेकांचा 'ब्राउझर' म्हणजे हाच. धडगाव-अक्कलकुव्याकडचा माणूस चार तास घालवून तालुक्याला येतो, त्याला 'स्वतःचं सुरक्षित उपकरण वापरा' सांगणं म्हणजे थट्टा. तेव्हा जे जमेल तेच सांगतो.

सर्वांत मोठं छिद्र हॅकरचं नाही, प्रिंटचं आहे. आधारची पीडीएफ तुम्ही ऑपरेटरच्या व्हॉट्सॲपवर पाठवता, तो ती डाउनलोड करतो, प्रिंट देतो, पुढचं गिऱ्हाईक. फाइल तिथेच. मागे एकदा मी माझ्याच दुकानाचं डाउनलोड फोल्डर उघडलं तर वर्षभराची आधार कार्डं, पासबुकं आणि एका नवरीची पत्रिका निघाली. लाज वाटली. आता रोज दुकान बंद करताना ते फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करतो. तुम्हीही प्रिंट झाल्यावर म्हणा, 'दादा, फाइल डिलीट करा, आणि व्हॉट्सॲपवरूनही'. कुणी रागावत नाही. चालेल तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हा साचा सगळ्या देशाला माहीत आहे.

व्हॉट्सॲप वेब तिथल्या मशीनवर उघडलं असेल तर निघताना आपल्याच फोनमध्ये 'लिंक केलेली उपकरणं' उघडून ते काढा. हे विसरलेली माणसं मी दर आठवड्याला बघतो. एका गुरुजींचे निरोप माझ्या स्क्रीनवर तीन दिवस येत होते, शेवटी मीच फोन केला.

ब्राउझर 'पासवर्ड सेव्ह करू?' विचारेल, 'कधीच नाही' दाबा. बँकेचं काम मात्र तिथे करूच नका, ते स्वतःच्या फोनवर बँकेच्याच ॲपमधून. ओटीपी ऑपरेटरला सांगायचा झाला तर आधी मेसेज पूर्ण वाचा, तो कशासाठी आलाय हे त्यात लिहिलेलं असतं. फॉर्मसाठी आधारचा ओटीपी वेगळा आणि पैसे कापण्याचा वेगळा.

८. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केले तर चोरीला जातात म्हणे. मग चाळीस पासवर्ड लक्षात कोण ठेवणार?

कुणीच नाही, म्हणून लोक चाळीस ठिकाणी एकच ठेवतात: मुलाचं नाव, अॅट, १२३. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये सेव्ह करणं शंभर पटीने बरं.

त्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. सेव्ह केलेला पासवर्ड साइटच्या पत्त्याशी बांधलेला असतो. खोटी साइट हुबेहूब असली तरी पत्ता वेगळा, म्हणून तिथे ब्राउझर पासवर्ड आपोआप भरतच नाही. तुमचा डोळा फसेल, तो फसत नाही. रोज भरणारा पासवर्ड आज भरला नाही, तर हाताने टाइप करायच्या आधी पत्ता पुन्हा वाचा (प्रश्न ४).

धोका दोन ठिकाणी आहे. एक, दुकानाच्या कॉम्प्युटरला विंडोजचा पासवर्डच नाही. मग खुर्चीवर बसेल तो मालक. दोन, क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न देता कुलूप तोडून वापरलेलं सॉफ्टवेअर. फोटो स्टुडिओवाले आणि डीटीपीवाले मित्रहो, हे तुमच्यासाठी. क्रॅकबरोबर येणारा चोर-प्रोग्राम सेव्ह केलेले पासवर्ड उचलतो आणि कुकीही उचलतो (कुकी म्हणजे काय ते प्रश्न ११ मध्ये). कुकी गेली की लॉगिन झालेलं खातंच जातं, ना पासवर्ड लागत ना ओटीपी. त्या मशीनवर काहीही सेव्ह करू नका.

थोडा त्रास चालत असेल तर बिटवॉर्डन किंवा कीपास वेगळं वापरा. आणि डायरीत लिहिणाऱ्या काकांना मी हसत नाही. कपाटातली डायरी चोरायला चोराला गावात यावं लागतं. फक्त तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका.

९. ॲड ब्लॉकर टाकू का? त्यानेच माहिती चोरली तर?

टाका, पण दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि एकच. मी याला सुरक्षिततेत धरतो, खासगीपणात नाही. खोटं 'डाउनलोड' बटण आणि 'फोन हँग झाला' असली पानं जाहिरातींतूनच येतात. शिवाय डेटा वाचतो.

यूब्लॉक ओरिजिन चांगलं आहे. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते, फायरफॉक्समध्ये पूर्ण चालते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाहीत, फायरफॉक्समध्ये येतात.

तुमची शंका मात्र रास्त आहे. पान बदलण्याची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुम्ही बघता ते सगळं बघू शकतं. आज प्रामाणिक असलेलं उद्या विकलं जातं. ग्रेट सस्पेंडर नावाचं लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन नव्या मालकाच्या हाती गेलं आणि २०२१ मध्ये गूगलला ते घातक म्हणून काढावं लागलं. म्हणून कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी, हवामान दाखवणारी एक्स्टेन्शनं नकोत.

१०. रोज वरून मेसेज येतात: 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस'. फोन फॉरमॅट करू?

थांबा! व्हायरस नाही. केव्हातरी भाव बघायला किंवा निकाल बघायला एखादी साइट उघडली, तिने 'सूचना पाठवू का' विचारलं आणि घाईत 'अनुमती द्या' दाबलं गेलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे सूचना. यादीतली अनोळखी नावं काढा, दोन मिनिटांत शांत. तिथेच 'साइटना विचारू देऊ नका' करून टाका. सूचना पाठवायलाच हवी अशी साइट मला आजवर भेटलेली नाही. फॉरमॅट करायचे तीनशे रुपये घेणारे आहेत. मीही सुरुवातीला घेतले होते, तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

११. 'कुकी स्वीकारा' म्हणतात, स्वीकारू? आणि पंपाबद्दल नुसतं बोललो तरी पंपाच्या जाहिराती कशा येतात?

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवलेली चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती काढली, साइटला तुमची ओळख राहावी म्हणून. ती नसेल तर प्रत्येक पानाला पुन्हा लॉगिन करावं लागेल. त्रास तिचा नाही, तिसऱ्याच्या चिठ्ठीचा: बातमीच्या पानावर बसलेली जाहिरात कंपनी आपली चिठ्ठी ठेवते आणि पुढच्या साइटवर ती वाचते. सफारीने २०२० मध्ये हे बंद केलं. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटचा डबा वेगळा केला. क्रोमने २०२० मध्येच बंद करू म्हटलं आणि २०२४ मध्ये माघार घेतली, त्यामुळे तिथे सेटिंगमध्ये जाऊन 'तृतीय-पक्ष कुकी' तुम्हालाच बंद कराव्या लागतात. ते दुसऱ्या ब्राउझरमध्ये करा. पॉप-अपवर 'नाकारा' असेल तर नाकारा, नसेल तर स्वीकारून पुढे व्हा. त्यासाठी दहा मिनिटं घालवू नका.

पंपाचं म्हणाल तर त्याला माइक लागत नाही. तुम्ही बोललात आणि त्याच वाय-फायवर पोराने 'पाच एचपी सबमर्सिबल' शोधलं, एवढं पुरतं.

१२. व्हीपीएन घेतलं की सगळं सुरक्षित होतं का?

व्हीपीएन म्हणजे तुमची ये-जा दुसऱ्या कंपनीच्या मशीनमधून नेणारी सोय. शेताचा राखणदार बदलतो, एवढंच. आधी तुमची ये-जा मोबाइल कंपनीला दिसायची, आता व्हीपीएनवाल्याला दिसते. गूगलमध्ये लॉगिन असाल तर गूगलला काहीच फरक पडत नाही. खोटी साइट व्हीपीएनमधूनही खोटीच. वर बँकेला तुम्ही एकदम परदेशात दिसता आणि खातं काही वेळ अडकतं.

फुकट व्हीपीएन तर नकोच. ओनावो नावाचं एक फेसबुकच्याच मालकीचं होतं, लोक कुठलं ॲप किती वापरतात ते त्यातून कंपनीला कळायचं. २०१८ मध्ये ॲपलच्या नियमांमुळे ते त्यांच्या स्टोअरमधून गेलं. पैसे देऊन घेणार असाल तर हेही माहीत असू द्या: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे भारतात सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर काही कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांनी ऑफिस जे देतं ते वापरावं, बाकीच्यांनी पैसे वाचवा.

१३. भुसावळ स्टेशनवरचं फुकट वाय-फाय वापरलं तर चालेल?

चालेल. कुलूप असलेल्या साइटवरचं बोलणं शेजारी बसलेल्याला वाचता येत नाही (इथे कुलपाचा खरा उपयोग). गाडी कुठवर आली बघा, व्हिडिओ बघा. पैशाचं काम आलं की वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा, कारण तसल्या नावाचं खोटं वाय-फाय कुणीही उभं करू शकतो.

लॉगिनचं पानच उघडत नसेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. जाहिराती अडवायला तिथे कुठलं नाव टाकलं असेल तर ते तात्पुरतं 'आपोआप' करा, लॉगिन झाल्यावर परत टाका.

१४. ब्लॉकर आणि कडक सेटिंग लावल्यापासून सरकारी साइट चालत नाही. पैसे कापले, पावती नाही.

दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडली असणार. पैसे भरायचं पान वेगळ्या कंपनीचं असतं. तिथून परत येताना कुकी अडली की मूळ साइट तुम्हाला ओळखतच नाही. पावती छोट्या खिडकीत उघडते आणि ती पॉप-अप म्हणून अडते. पुन्हा पैसे भरू नका. पहिल्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून आधीच्या व्यवहाराची स्थिती बघा, बहुतेक साइटवर ती सोय असते.

साइट 'इंटरनेट एक्स्प्लोरर वापरा' म्हणत असेल तर तो १५ जून २०२२ ला निवृत्त झालाय. एजमध्ये त्याचा मोड चालू करून तेवढीच साइट त्यात उघडा.

१५. बंद करताना सगळं पुसायची सेटिंग केली. आता बँक रोज 'नवीन उपकरण' म्हणते.

बरोबरच आहे, ओळखीची चिठ्ठी तुम्हीच फाडता. पुसायची सेटिंग दुसऱ्या ब्राउझरला लावा, पहिल्याला नको. तत्काळ तिकिटाच्या वेळी तर हे फारच नडतं. एसीचं दहाला आणि बाकीचं अकराला उघडतं, आता आधारची पडताळणीही लागते, त्यात पुन्हा लॉगिनची भर कशाला?

माझ्याच अतिशहाणपणाचा किस्सा सांगतो. ओळख लपवायची फायरफॉक्समधली एक खोलातली सेटिंग मी चोपड्याच्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर लावून दिली. ती घड्याळही लपवते, म्हणजे साइटला आणि तुम्हाला जगाची प्रमाणवेळ दाखवते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मुलाखत सकाळी दहाची होती, त्याला स्क्रीनवर साडेचार दिसले. बिचारा पहाटे साडेचारला आंघोळ करून कॅमेऱ्यासमोर बसला! मागे होतं म्हणून निभावलं. त्यानंतर ती सेटिंग मी कुणाला लावलेली नाही.

१६. जावई पुण्यात आयटीत आहेत. त्यांनी टॉर आणि स्क्रिप्ट बंद करणारं काहीतरी टाकून दिलं. आता एकही साइट धड उघडत नाही.

जावयांचा हेतू चांगला आहे. स्क्रिप्ट म्हणजे पान चालवणारे छोटे प्रोग्राम, ते बंद केले की साइट मोडणारच. टॉर हा ओळख लपवणारा ब्राउझर, तुमचं बोलणं जगभरातल्या तीन मशीनमधून फिरवतो, म्हणून हळू. पत्रकार किंवा जिवाला धोका असलेला माणूस यासाठी तो सोन्यासारखा. पीक विम्याचा फॉर्म त्यात भरणं म्हणजे बाजाराला जाताना चिलखत घालणं. काढू नका, बाजूला राहू द्या आणि प्रश्न २ प्रमाणे दोन साधे ब्राउझर ठेवा. जावयांना सांगायची गरज नाही.

१७. घरात एकच फोन, मी, मुलगी, सासूबाई सगळे वापरतो. मुलीला तिचं काही खासगी ठेवता येईल का?

येईल, आणि विचारलंत हे चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त 'मुलगी काय बघते ते कसं कळेल' एवढंच विचारतात. फोनमध्ये 'एकाधिक वापरकर्ते' असतील तर तिचा वेगळा कप्पा करा, पण सगळ्या फोनमध्ये ते नसतं. नसेल तर तिला फायरफॉक्स द्या आणि तुम्ही क्रोम ठेवा. क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅबला बोटाच्या ठशाचं कुलूपही लावता येतं. मात्र दुसऱ्या कुणाच्या फोनवर आपल्या खात्याने 'सिंक' चालू केलं की इतिहास आणि पासवर्ड दोन्हीकडे जातात. चुलतभावाचा फोन घेऊन लॉगिन केलं आणि विसरलं, असं फार होतं.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाने येणारी एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) त्या एकाच फोनवर कुणीही उघडली तरी सगळ्यांचं नुकसान. सरकारी योजनेचं ॲप कुणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, हे सासूबाईंनाही सांगा. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

१८. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा डोंगल लावला, तर लाल पान आलं. कर सल्लागार म्हणतात 'पुढे जा'. तुम्ही म्हणता जाऊ नका. कोणाचं ऐकू?

इथे त्यांचं. प्रश्न ५ मधला अपवाद तो हाच. सहीचा प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा आकडा म्हणजे जगातल्या प्रत्येक मशीनसाठी 'मी स्वतः'. त्या घरगुती प्रोग्रामला बाहेरची कुठलीही संस्था सर्टिफिकेट देत नाही, म्हणून ब्राउझर बिचकतो. पत्ता तंतोतंत तोच असेल आणि प्रोग्राम तुम्ही जीएसटीच्याच साइटवरून उतरवला असेल तर पुढे जा.

'हे रूट सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये टाका' असं दुसऱ्याच कुठल्या साइटने सांगितलं तर ती गोष्ट निराळी. त्याने एका साइटवर नाही, त्या सहीखाली येणाऱ्या सगळ्या साइटवर तुमचा ब्राउझर विश्वास ठेवायला लागतो. २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती आणि ब्राउझरवाल्यांना ती धावपळ करून रद्द करावी लागली. मोठ्या यंत्रणेत असं होतं, तर कॅफेतल्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलचं काय सांगावं? ऑफिसने ऑफिसच्या मशीनवर टाकलं तर त्यांचं मशीन, त्यांची मर्जी. फक्त त्या मशीनवर स्वतःची बँक उघडू नका. आणि डोंगल काम झालं की काढून खिशात ठेवा, सल्लागारांच्या ड्रॉवरमध्ये नको.